‘सूदिंग’ म्हणजे नेमकं काय? अर्थ, वापर आणि डब्यावरची भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सूदिंग’ या शब्दाचा अर्थ काय?

‘सूद’ या इंग्रजी क्रियापदाचं हे विशेषण. खवळलेलं, चुरचुरणारं, रडणारं किंवा घाबरलेलं काहीतरी हळुवारपणे निववणं, हा त्याचा अर्थ. या शब्दात दोन गोष्टी गृहीत असतात. एक, आधी काहीतरी त्रास आहे. दोन, तो शमवायची रीत मऊ आहे. दटावून गप्प केलेल्या मुलाला इंग्रजीत ‘सूद’ केलं असं म्हणत नाहीत, मांडीवर थोपटून शांत केलेल्याला म्हणतात.

तिसरी गोष्ट हा शब्द सांगत नाही, पण वाचणारा ती परस्पर धरून चालतो: त्रासाचं कारण गेलं. खाज शमली म्हणजे नायटा गेला असं नाही, आणि घसा निवला म्हणजे संसर्ग संपला असंही नाही. खाली बरेच प्रश्न याच घोटाळ्याभोवती फिरतात.

मराठीत याला एकच शब्द आहे का?

नाही, आणि एकच शोधायचा हट्टही धरू नये. कशाला आराम मिळतो आहे, त्यावर शब्द ठरतो. त्वचेसाठी ‘थंडावा देणारं’ किंवा ‘दाह शमवणारं’. घशाला ‘आराम पडतो’. रडत्या बाळाला आपण ‘उगी’ करतो. संगीत ‘मन निववतं’. आवाज ‘धीर देणारा’ असतो. रंग ‘डोळ्यांना सुखावणारा’ किंवा नुसता ‘सौम्य’.

यंत्राने केलेल्या भाषांतरात हमखास ‘सुखदायक’ येतं. ‘सुखदायक जेल’ वाचून ते भाजल्यावर लावायचं की अंघोळीनंतर, हे कुणालाही कळणार नाही. हा शब्द टाळलेला बरा.

उच्चार सूदिंग की सूथिंग?

सूदिंग. शेवटचा व्यंजनध्वनी सघोष आहे, म्हणजे तो म्हणताना गळ्यात कंप होतो. जीभ दातांच्या मध्ये ठेवून ‘द’ म्हटल्यासारखा. ‘टूथ’मध्ये तो अघोष, म्हणजे कंपाशिवायचा असतो, म्हणून तिथे ‘थ’. इंग्रजीत नाम आणि क्रियापदाच्या अशा जोड्या आहेत: ‘ब्रेथ’ म्हणजे श्वास, ‘ब्रीद’ म्हणजे श्वास घेणे; ‘बाथ’ म्हणजे अंघोळ, ‘बेद’ म्हणजे अंघोळ घालणे. स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ आला की ध्वनी सघोष होतो, हा अशा जोड्यांचा ठोकताळा. ‘सूद’चं स्पेलिंग एस-ओ-ओ-टी-एच-ई.

शेवटचा ‘ई’ गाळला तर तो वेगळाच, जुना शब्द होतो. त्याचा उच्चार ‘सूथ’ आणि अर्थ ‘सत्य’. ‘सूथसेयर’ म्हणजे भविष्य सांगणारा, मूळ अर्थाने सत्य सांगणारा, तो याच शब्दातून आला. हे दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे फोनचा शब्दतपासनीस ही चूक पकडेलच असं नाही.

म्हणजे ‘सूदिंग’चं सत्याशी नातं आहे?

आहे. जुन्या इंग्रजीत ‘सोथ’ म्हणजे सत्य आणि त्यावरून झालेलं क्रियापद म्हणजे ‘खरं असल्याचं दाखवणे’. सोळाव्या शतकापर्यंत त्याचा अर्थ दुसऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देणे, हो ला हो म्हणणे असा झाला. तिथून खुशामत करणे, मग गोड बोलून शांत करणे, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस आजचा अर्थ रूढ झाला. संस्कृतातले ‘सत्’ आणि ‘सत्य’ हेही याच आदिम भारोपीय धातूतून, ‘असणे’ या अर्थाच्या धातूतून, निघालेले. ‘आहे ते’ सांगणारा शब्द ‘बरं वाटेल ते’ सांगू लागला. जाहिरातवाल्यांच्या पथ्यावर पडलेलं हे वळण त्यांच्या कितीतरी आधीचं आहे.

वाक्यात कसा वापरायचा?

‘सूद’ सकर्मक आहे, म्हणजे कशाला शांत करायचं ते सांगावं लागतं. ‘शी सूद्ड द बेबी’ बरोबर. नुसतं ‘द बेबी सूद्ड’ चूक. बाळ आपोआप शांत झालं असेल तर ‘काम्ड डाउन’ म्हणतात. ‘सूद डाउन’ असा प्रयोग नाही. ‘सूद अवे’ मात्र आहे: ताण किंवा दुखणं हळूहळू घालवणे.

मराठी माध्यमातून आलेल्यांची नेहमीची चूक म्हणजे ‘आय ॲम फीलिंग सूदिंग’. याचा अर्थ ‘माझ्यामुळे दुसऱ्यांना शांत वाटतंय’ असा काहीसा होतो. आपल्याला शांत वाटत असेल तर ‘आय फील काम’ (इंग्रजी ‘काम’ म्हणजे शांत). ‘बोअरिंग’ आणि ‘बोअर्ड’ यांच्यात जो फरक, तोच इथे. डोळ्यांना, कानांना असं म्हणताना ‘सूदिंग टू द आइज’, म्हणजे ‘टू’ लावायचा.

काम, रिलॅक्स, पॅसिफाय, अपीज, रिलीव्ह… यांत फरक काय?

‘काम’ सगळ्यांत व्यापक. समुद्र, माणूस, बाजार, कशालाही चालतो, आणि आधी त्रास असावाच लागतो असं नाही. ‘रिलॅक्स’मध्ये ताणलेलं सैल होणं आहे, स्नायू असो वा नियम. ‘पॅसिफाय’मध्ये समोरचा चिडलेला किंवा आक्रमक असतो आणि त्याला शांत करण्यात थोडा जोर असू शकतो. लष्करी भाषेत तर बंड मोडून काढण्यालाही तो वापरला गेला. ‘प्लकेट’ म्हणजे रागावलेल्याला काहीतरी देऊन मनवणे.

‘अपीज’ म्हणजे समोरच्याच्या मागण्या मान्य करून त्याला शांत करणे. तो जपून वापरा. 30 सप्टेंबर 1938 रोजी म्युनिकमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश हिटलरला देऊ केला, तेव्हापासून या शब्दाला दुबळेपणाचा वास चिकटला आहे. आपल्याकडच्या राजकीय ‘तुष्टीकरणा’चा हाच इंग्रजी प्रतिशब्द.

‘रिलीव्ह’ म्हणजे त्रास कमी करणे. औषधाच्या वेष्टनावर हा शब्द ‘सूद’पेक्षा जबाबदारीचा मानला जातो. ‘सिडेट’ म्हणजे औषधाने गुंगी आणणे. रुग्णाच्या कागदांवर हा शब्द असेल तर ‘शांत केलं’ असं मोघम भाषांतर करू नका, ‘गुंगीचं औषध दिलं’ असं स्पष्ट लिहा.

पार्लरमधलं ‘स्मूदनिंग’ म्हणजे हेच का?

नाही. ते केस रसायनांनी आणि उष्णतेने सरळ, गुळगुळीत करणं. शब्द कानाला जवळचे वाटतात, इतकंच.

क्रीमच्या डब्यावर ‘सूदिंग’ लिहिलंय. म्हणजे ते औषध आहे?

केवळ त्या शब्दावरून नाही. भारतात औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांची व्याख्या 1940च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात वेगवेगळी आहे, आणि सौंदर्यप्रसाधनांना 2020चे वेगळे नियम लागू होतात. आजार बरा करणं हे औषधाचं काम. स्वच्छ करणं, रूप खुलवणं, दिसण्यात बदल करणं हे प्रसाधनाचं. ‘सूदिंग’ हा शब्द या दोहोंच्या मधल्या फटीत बरोबर बसतो, कारण तो फक्त ‘बरं वाटेल’ एवढंच सांगतो.

डबा उलटा करून पाहा. औषध असेल तर सक्रिय घटक आणि त्याचं प्रमाण, उदाहरणार्थ ‘अमुक टक्के’, ठळक दिलेलं असतं. प्रसाधन असेल तर घटकांची लांबलचक यादी असते, जास्त प्रमाणातला घटक आधी. एक टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. पुढच्या बाजूला कोरफडीचं मोठं चित्र आणि मागे कोरफड सुगंधाच्याही नंतर, असं असेल तर काय समजायचं ते समजा.

त्वचेला थंडावा देणारे घटक प्रत्यक्षात काय करतात?

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि ती माहीत असली की निवड सोपी होते.

कॅलामाइन: जस्ताच्या ऑक्साइडमध्ये किंवा कार्बोनेटमध्ये थोडं लोहाचं ऑक्साइड मिसळलेलं, म्हणून गुलाबी. ब्रिटिश फार्माकोपियातल्या, म्हणजे ब्रिटनच्या अधिकृत औषधसंहितेतल्या, लोशनमध्ये कॅलामाइन 15 टक्के, झिंक ऑक्साइड 5, ग्लिसरीन 5 आणि भुकटी तरंगत राहावी म्हणून बेंटोनाइट ही माती 3 टक्के असते. लावल्यावर पाणी उडून जातं, त्याने गारवा येतो. मागे राहणारी पूड ओल शोषते. भुकटी तळाशी बसते म्हणून बाटली नीट हलवायची. न हलवता ओतली तर वरचं पाणीच लागतं आणि ‘काही उपयोग नाही’ असं वाटतं. घामोळ्या, कीटक चावणं, कांजिण्यांची खाज यांसाठी ठीक. कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेवर नको, ती आणखी कोरडी पडते. उघड्या जखमेवरही नको.

मेन्थॉल: पुदिन्याच्या जातीतून मिळणारं. याने त्वचेचं तापमान जवळजवळ बदलत नाही. थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंवरचा टीआरपीएम-8 नावाचा ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, ते चाळवतं आणि मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो. हा ग्राही 2002 मध्ये ओळखला गेला; त्यावर काम केलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना तापमान व स्पर्शाच्या ग्राहींवरील शोधांसाठी 2021चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. शमवल्याची जाणीव आणि शमणं या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, याचा याहून चांगला दाखला नाही.

ओट्सचं बारीक पीठ, ज्याला कोलॉइडल ओटमील म्हणतात: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2003 मध्ये त्याला त्वचारक्षक घटक म्हणून मान्यता दिली. कोरड्या, खाजऱ्या त्वचेवर पातळ थर धरून ते ओलावा राखतं. पेट्रोलियम जेली पाणी उडू देत नाही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. या दोन्हींमध्ये ‘गार’ वाटण्यासारखं काही नाही, पण कोरडेपणामुळे येणाऱ्या खाजेवर त्या बऱ्याच महागड्या हिरव्या जेलपेक्षा जास्त काम करतात.

घरच्या कोरफडीचा गर लावला तर चालतो का? मला तर आणखी खाज आली.

खाज बहुधा पिवळ्या चिकामुळे आली. सालीच्या लगेच खाली असलेल्या या कडू द्रवात ॲलोइन असतं, आणि ते कित्येकांच्या त्वचेला झोंबतं. जून, जाड पान बुडाशी कापा आणि कापलेली बाजू खाली करून भांड्यात 10 ते 15 मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक निथळून जाईल. मग पान धुवा, काटेरी कडा काढा, वरची साल सोलून पारदर्शक गर घ्या आणि तोही एकदा पाण्याखाली धरा. फ्रिजमध्ये झाकून ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. वास किंवा रंग बदलला तर आधीच टाकून द्या. त्यात टिकवणारं काही नसतं.

‘सूदिंग’ क्रीम लावल्यावर चुरचुरतं. चालू ठेवू का?

थांबवा. सुगंध, अल्कोहोल, किंवा फाटलेल्या त्वचेवर लागलेलं मेन्थॉल ही नेहमीची कारणं. ‘सवय होईल’ हा दुकानदाराचा सल्ला मानू नका. नवं काही आणलं तर कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहा. ॲलर्जीची प्रतिक्रिया कित्येकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा येते, त्यामुळे एका तासाच्या चाचणीने काही कळत नाही.

उलट प्रश्न: एका क्रीमने खाज लगेच थांबते, पण बंद केलं की दुप्पट येते. असं का?

त्यात स्टेरॉइड आहे का ते आधी पाहा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन ही नावं शोधा. भारतात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सर्रास घेतली जातात. जांघेतला किंवा कमरेवरचा नायटा बुरशीमुळे होतो. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते, आणि बुरशी ऐसपैस पसरते. नायट्याची नेहमीची गोल कडा पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. त्वचा पातळ होणं, पांढुरके पट्टे उमटणं हे वर. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत आणली. ती शिल्लक ट्यूब ‘खाजेला चांगली आहे’ म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाला देऊ नका.

भाजल्यावर लगेच सूदिंग जेल लावावं का?

आधी पाणी. नळाखालचं गार, वाहतं पाणी 20 मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, त्याने ऊतींना आणखी इजा होते. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज यायच्या आत काढा. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई काहीही नको. डॉक्टरांना ते सगळं खरवडून काढावं लागतं. मग स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैल झाका. जेल लावायचंच तर फोड न आलेल्या किरकोळ भाजण्यावर, पूर्ण थंड झाल्यानंतर. तळहातापेक्षा मोठं, चेहऱ्यावरचं, गुप्तांगावरचं, विजेचं किंवा रसायनाचं भाजणं असेल, किंवा लहान मूल असेल, तर थेट दवाखाना.

घशाला ‘सूदिंग’ काय?

कोमट पाण्याचा पेला, त्यात पाव ते अर्धा चमचा मीठ, आणि गुळण्या. मध घशावर थर धरतो म्हणून ढास कमी होते, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोटभरही नाही. त्यात बॉट्युलिझम ही लकवा आणणारी विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. ज्येष्ठमधाची कांडी चघळणं एखाद-दोन दिवस ठीक. रोज, आठवडेच्या आठवडे चघळली तर त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ती टाळावीच.

बाळासाठीचं ‘सूदिंग सिरप’ मिळतं. देऊ का?

बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. या शब्दाचा सगळ्यांत काळा इतिहास इथेच आहे. अमेरिकेत 1849 पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ नावाचं औषध दात येणाऱ्या, रडणाऱ्या बाळांसाठी विकलं जाई. बाळं शांत होत, कारण त्यात मॉर्फिन होतं, एका द्रव औंसात (सुमारे 30 मिलिलिटर) सुमारे 65 मिलिग्रॅम. कित्येक बाळं झोपेतून उठलीच नाहीत. 1906च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याने असे घटक वेष्टनावर छापणं बंधनकारक झालं आणि 1911 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याची गणना ‘बेबी किलर्स’मध्ये केली. तरी ते बाजारातून लगेच गेलं नाही.

मुंबईच्या गिरणगावातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच घडत होतं. गिरणीत कामाच्या पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची ‘बाळगोळी’ देऊन जात, कारण दिवसभर त्याला सांभाळायला कुणी नसे. तिथे दोष आईला देण्याआधी पाळीच्या तासांकडे पाहायला हवं.

आज पहिल्या सहा महिन्यांत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. म्हणजे ग्राइप वॉटर आणि गुटीही नको. कापूर आणि मेन्थॉल असलेले बाम दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला किंवा नाकाला लावू नका. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

‘सूदर’ म्हणजे काय?

बाळाच्या तोंडात द्यायचं रबरी किंवा सिलिकॉनचं चोखणं. ब्रिटनमध्ये त्याला ‘डमी’, अमेरिकेत ‘पॅसिफायर’, कॅनडात ‘सूदर’ म्हणतात. दुधाची सवय नीट बसेपर्यंत ते नकोच. दिलंच तर मधात किंवा साखरेत बुडवू नका आणि दोरीने गळ्यात बांधू नका.

झोपेसाठीचे ‘सूदिंग साउंड्स’ सुरक्षित आहेत का?

आवाज कमी आणि यंत्र लांब असेल तर. बाळांसाठीच्या अशा 14 यंत्रांची तपासणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्ण आवाजात सगळ्यांचा आवाज बाळांसाठी सुचवलेल्या 50 डेसिबलच्या वर गेला. फोन पाळण्यात ठेवू नका. निदान दोन मीटर लांब ठेवा आणि बाळ झोपलं की बंद करा.

‘सेल्फ-सूदिंग’ हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी दिसतो.

हो. बाळाच्या बाबतीत: मध्येच जाग आल्यावर कुणी न थोपटता पुन्हा झोपी जाणं. पहिल्या काही महिन्यांच्या बाळाकडून ही अपेक्षा ठेवू नये, त्याला भूक लागलेली असते. मानसोपचारात: अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या उपचारपद्धतीत हे तीव्र भावनेची लाट सोसण्याचं एक कौशल्य आहे. पाचही इंद्रियांना सौम्य असं काही देणं: ऊबदार चहाचा घोट, ओळखीचा वास, मऊ पांघरूण. संकट सुटत नाही, त्या घटकेला ते आणखी बिघडत नाही. तेवढंच अपेक्षित असतं.

बातम्यांत ‘सूद द मार्केट्स’ असतं. त्याचं मराठी?

‘बाजाराला धीर देण्याचा प्रयत्न’. ‘बाजार शांत केला’ असं लिहिलं तर व्यवहार थंडावले असा उलटा अर्थ निघतो.

लेबलवरची ओळ मराठीत लिहायची आहे. नमुने द्याल?

‘सूद्स इरिटेटेड स्किन’: चुरचुरणाऱ्या त्वचेला थंडावा देतं. क्रीममध्ये गारवा देणारं काही नसेल तर ‘त्वचेची चुरचुर कमी करतं’.
‘सूदिंग थ्रोट लॉझेंजेस’: घशाला आराम देणाऱ्या चघळायच्या गोळ्या.
‘जेंटल अँड सूदिंग’: सौम्य, त्वचेला न झोंबणारं. पण सुगंध घातला असेल तर ‘न झोंबणारं’ हे वचन देऊ नका.

‘सूद’साठी ‘बरं करतं’ लिहू नका. मूळ इंग्रजीत तो दावा नाही, आणि प्रसाधनाच्या डब्यावर तो छापला तर ते उत्पादन औषध म्हणून विकल्यासारखं होतं. मग परवान्याचा प्रश्न छापखान्यातून आलेल्या प्रती तपासताना नाही, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नोटिशीतून कळतो.